मुलांचे पथक, मोठ्यांचे पाठबळ

अमेरिकेतल्या स्काउट पथकाचा कारभार मुलांच्या हाती असतो. अकरा ते सतरा वर्षांची मुले आपला नायक मतदानाने निवडतात, वर्षभरात कुठे कुठे मुक्कामाला जायचे ते ठरवतात, आठवड्याच्या सभेचा कार्यक्रम आखतात, शिबिरात स्वतःची चूल सांभाळतात आणि नव्याने आलेल्यांना गाठी मारायला, होकायंत्र वाचायला शिकवतात. या मुलांमागे मोठ्या माणसांची एक फळी असते. त्यातले बहुतेक जण पथकातल्याच कुणाचे तरी आई-वडील. त्यांना मानधन मिळत नाही. उलट गणवेशापासून गाडीच्या पेट्रोलपर्यंतचा बराच खर्च ते पदरचा करतात. पथक मुलांनी चालवायचे तर या फळीला भरपूर राबावे लागते, आणि तेही एकविचाराने. दहा जणांनी हात आवरला आणि अकराव्याने न राहवून तंबू ठोकून दिला, तर दहा जणांचा संयम वाया जातो.

मुलांवर कारभार सोपवण्याची ही कल्पना चळवळीच्या जन्माइतकीच जुनी आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले. श्रीमंतांच्या शाळांतली आणि कामगारांच्या घरांतली मुले त्यात एकत्र होती. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ एका थोड्या मोठ्या मुलाच्या हवाली केला. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला १८९९-१९०० मध्ये वेढा पडला असताना निरोप पोहोचवण्यासारखी कामे मुलांच्या तुकडीने चोख बजावलेली बेडन-पॉवेल यांनी पाहिली होती. जबाबदारी खरी असली की मुले ती पेलतात, हा त्यांचा अनुभव होता. १९०८ मध्ये त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक हप्त्याहप्त्याने निघाले आणि ते वाचून मुलांनी मोठ्यांची वाट न पाहता ठिकठिकाणी आपापले संघ काढले. पथक चालवायला माणूस शोधण्याचे काम नंतरचे. १९१४ मध्ये रोलंड फिलिप्स या तरुण कार्यकर्त्याने संघपद्धतीवर छोटे पुस्तक लिहून तिची नीट मांडणी केली. दोनच वर्षांनी तो पहिल्या महायुद्धात सोमच्या रणभूमीवर मारला गेला. पुस्तक मात्र पुढच्या पिढ्या वाचत राहिल्या.

अमेरिकेतली संघटना ८ फेब्रुवारी १९१० रोजी शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉइस यांनी स्थापन केली. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका हे तिचे नाव फेब्रुवारी २०२५ पासून स्काउटिंग अमेरिका असे झाले आहे, आणि २०१९ पासून मुलींचीही पथके तिच्यात आहेत. तिथे संघपद्धती रुजवण्याचे मोठे श्रेय विल्यम हिलकोर्ट यांना जाते. डेन्मार्कमध्ये जन्मलेले हिलकोर्ट १९२६ मध्ये अमेरिकेत आले आणि १९२९ मध्ये त्यांनी संघनायकांसाठी पहिले हस्तपुस्तक लिहिले. संघनायकाच्या बिल्ल्यावरच्या हिरव्या पट्ट्यांवरून त्यांना ‘ग्रीन बार बिल’ म्हणू लागले आणि मुलांच्या मासिकातल्या त्यांच्या लेखांनी संघनायकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. १९७२ मध्ये संघटनेने काळाबरोबर जाण्याच्या हौसेने अभ्यासक्रमातून रानावनातली कौशल्ये बाजूला सारली आणि सदस्यसंख्या झपाट्याने घसरली. तेव्हा निवृत्त झालेले हिलकोर्ट स्वेच्छेने परत आले आणि १९७९ चे नवे हस्तपुस्तक त्यांनी लिहून दिले. मुलांना काय हवे ते मोठ्यांनी परस्पर ठरवले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण चळवळीच्या इतिहासात नाही.

पथकाची घडण मुलांच्या बाजूने पाहिली तर साधी आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत ज्यांना संघ आणि संघनायक म्हणतात, तेच तिथेही पायाशी असतात. सहा ते आठ मुलांचा एक संघ. त्याचे स्वतःचे नाव, झेंडा आणि आरोळी. सगळ्या संघांवर मिळून एक ज्येष्ठ संघनायक, तोही निवडून आलेला. शिवाय तंबू-भांड्यांचा हिशेब ठेवणारा कोठावळा, नोंदी ठेवणारा लेखनिक, नव्या मुलांना सांभाळून घेणारा मार्गदर्शक अशी पदे मुलांकडेच असतात. निवडणूक बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होते. महिन्यातून एकदा संघनायकांची सभा बसते आणि पथकाचे निर्णय तिथे होतात. अध्यक्षस्थानी ज्येष्ठ संघनायक असतो. स्काउटमास्टर, म्हणजे पथकाचा प्रमुख मोठा माणूस, त्या खोलीत असतो, पण टेबलापासून थोडा मागे. सुरक्षेला किंवा संघटनेच्या नियमांना बाधा येत असेल तरच तो ‘हे होणार नाही’ म्हणतो. नोव्हेंबरच्या कडाक्यात सरोवराकाठी मुक्काम करायचा की नाही, हे मुलांनीच ठरवायचे; थंडी किती पडते हे तो विचारलेच तर सांगतो.

स्काउटमास्टरचे खरे काम सभेच्या आधी आणि नंतर चालते. चौदा-पंधरा वर्षांच्या ज्येष्ठ संघनायकाला समवयस्कांकडून काम करून घेणे जमावे म्हणून तो त्याला तयार करतो. निवडणुकीनंतर मुलांसाठी नेतृत्वाचे छोटे प्रशिक्षण होते. मग दर आठवड्याला दोघांचे बोलणे होते: मागची सभा का लांबली, खेळाच्या वेळी दोन मुले कोपऱ्यात का उभी होती, पुढच्या वेळी काय करता येईल. यात उत्तरे देणारा माणूस अपुरा पडतो; नेमका प्रश्न विचारून थांबता यावे लागते. सभा संपताना मात्र एक मिनिट स्काउटमास्टरचे असते. एखादा विचार, एखादी गोष्ट सांगून तो मुलांना निरोप देतो. दीड तासाच्या सभेत मोठ्या माणसाला सर्वांसमोर बोलण्याची ठरलेली जागा एवढीच.

याशिवाय प्रत्येक पथकाला एक प्रायोजक संस्था लागते. चर्च, रोटरी क्लब, माजी सैनिकांची संघटना किंवा एखादे नागरी मंडळ पथकाला आश्रय देते, बहुधा सभेसाठी जागाही देते आणि आपला एक प्रतिनिधी नेमते. पथक समिती ही याच संस्थेच्या छत्राखाली चालते. तिच्यात एकवीस वर्षांवरचे किमान तीन सभासद लागतात, प्रत्यक्षात मात्र कामे इतकी असतात की तिघांना ती झेपत नाहीत. खजिनदाराला वर्गणी आणि निधी पाहावा लागतो. चिटणीस पालकांना कळवतो. कुणी मुलांच्या श्रेणीवाढीच्या नोंदी ठेवतो, कुणी शिबिरस्थळांची आरक्षणे करतो, कुणी सामानाच्या ट्रेलरची चाके आणि विमा बघतो. स्काउटमास्टरची निवडही समितीच करते आणि प्रायोजक संस्था तिला मान्यता देते.

समितीने काय करायचे नाही, हे तितकेच महत्त्वाचे. कार्यक्रम तिच्या अखत्यारीत येत नाही. वर्षाचे नियोजन संघनायक करतात आणि ज्येष्ठ संघनायक ते समितीपुढे मांडतो. ‘मे महिन्यात होड्या वल्हवायला जायचे’ असे मुलांनी ठरवले, की नदीकाठची जागा सहा महिने आधी धरणे, होड्यांचे भाडे अंदाजपत्रकात बसवणे, पाण्यावरच्या सुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेला मोठा माणूस त्या तारखांना मोकळा आहे ना हे पाहणे, गाड्या आणि चालक जुळवणे ही समितीची कामे सुरू होतात. ती वेळेत झाली नाहीत तर मुलांचा निर्णय कागदावरच राहतो. असे दोनदा झाले की तिसऱ्या वर्षी मुले मनापासून काही ठरवतच नाहीत. उलट मुलांनी निर्णय लांबवला तर समितीचे हात बांधले जातात, म्हणून तारखेचे बंधन मुलांनाही पाळावे लागते. मुलांचे स्वातंत्र्य अशा कंटाळवाण्या कामांवर उभे असते आणि ही कामे निमूटपणे करणाऱ्यांचे नाव कुठल्याच समारंभात फारसे घेतले जात नाही. ते घेतले जायला हवे.

शिबिरातली शनिवारची सकाळ जवळून पाहिली की ही वाटणी कळते. एका संघाचा न्याहारीचा बेत अंडी आणि पॅनकेकचा आहे. बेत आठवडाभर आधी मुलांनी आखला, माणशी किती खर्च येईल ते काढले आणि यादी घेऊन दुकानात जाऊन सामानही त्यांनीच आणले. फर्स्ट क्लास या श्रेणीसाठी एका शिबिराचा असा बेत आखणे, खरेदीची यादी आणि खर्च काढणे आणि मग स्वतः रांधणे आवश्यकच असते. कामांचा तक्ता लाकडी पेटीच्या झाकणाला लावलेला आहे: पाणी कुणी आणायचे, चूल कुणी पेटवायची, भांडी कुणाकडे. आता कळते की तेल घरीच राहिले. पहिला पॅनकेक तव्याला चिकटतो, दुसरा जळतो. बारा वर्षांचा एक मुलगा वाटी घेऊन मोठ्यांच्या चुलीकडे निघतो.

मोठ्यांची चूल मुद्दामच लांब असते. संघांमध्ये तीनशे फुटांचे अंतर हवे, हा बेडन-पॉवेल यांच्या नावाने सांगितला जाणारा दंडक जुने कार्यकर्ते आजही बोलून दाखवतात. प्रत्येक शिबिरस्थळी एवढी जागा मिळत नाही, पण हाकेच्या टप्प्यात आणि हाताच्या टप्प्याबाहेर, हे तत्त्व पाळता येते. मोठी माणसे स्वतःचा एक संघ करून राहतात. त्याला मजेने ‘म्हाताऱ्या बोकडांचा संघ’ म्हणतात. त्यांचाही बेत ठरलेला असतो, त्यांच्यातही पाळी लावून भांडी घासली जातात आणि ते मुलांच्या ताटातले जेवत नाहीत. यात दोन गोष्टी साधतात. मोठे आपल्या स्वयंपाकात गुंतल्याने मुलांच्या चुलीत नाक खुपसत नाहीत, आणि नीटनेटका संघ कसा राहतो हे मुलांना न सांगता दिसते.

वाटी घेऊन आलेल्या मुलाला तिथे एकच प्रश्न विचारला जातो: ‘तुझ्या संघनायकाला विचारलेस का?’ चांगल्या पथकात हा प्रश्न इतक्यांदा ऐकू येतो की मुले पुढे पुढे मोठ्यांकडे यायचीच बंद होतात. मुलगा परत जातो. संघनायक शेजारच्या संघाकडून चमचाभर लोणी मागून आणतो किंवा त्या दिवशी संघ जळके पॅनकेक खातो. पुढच्या महिन्यात यादीत तेल सर्वांत वर असते. वाटीत तेल ओतून देणे मोठ्यांना सहज जमले असते. ते न देण्यात माया कमी नसते. मात्र मुले उपाशी राहणार नाहीत, कुणाला अन्नाची ॲलर्जी नाही, चुलीजवळ कुणी सैल कपड्यात नाही, एवढे कुणीतरी लांबून पाहतच असते.

कुठे थांबायचे आणि कुठे पुढे व्हायचे, ही रेघ आधीच ठरलेली असावी लागते. वीज कडकडू लागली, कुऱ्हाड चुकीच्या हातात गेली, कुणी पाण्यात उतरले, कुणाची छळणूक होत आहे असा संशय आला, तर मोठ्यांनी ताबडतोब पुढे व्हायचे. पोहणे आणि नौकानयन तर प्रशिक्षित प्रौढाच्या देखरेखीशिवाय होतच नाही. बाकीच्या बाबतीत, म्हणजे तंबू वाकडा उभा राहणे, रात्रीचे जेवण नऊ वाजता होणे, नकाशा उलटा धरल्याने दोन मैल जास्त चालावे लागणे, थांबायचे.

मोठ्यांच्या उपस्थितीचे नियम अलीकडे फार कडक झाले आहेत आणि त्यामागे दुःखद कारण आहे. स्काउट संघटनेतल्या काही मोठ्यांनी अनेक दशके मुलांचे लैंगिक शोषण केले आणि त्यातले पुष्कळ दडपले गेले. दाव्यांच्या ओझ्याखाली संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२,००० हून अधिक जणांनी दावे दाखल केले आणि सुमारे २.४ अब्ज डॉलरचा भरपाई निधी उभारणारी योजना एप्रिल २०२३ मध्ये अमलात आली. आज प्रत्येक सभेला आणि सहलीला एकवीस वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हजर लागतात. मुलींचा सहभाग असेल तिथे त्यांत एक स्त्री हवीच. एकटा प्रौढ आणि एकटे मूल अशी भेट कुठेही होऊ द्यायची नाही. ई-मेलच्या बाबतीतही तेच: तेरा वर्षांची मुलगी मेरिट बॅजच्या, म्हणजे एखाद्या विषयातल्या प्रावीण्याच्या बिल्ल्याच्या, समुपदेशकाला स्वतः पत्र लिहिते आणि त्याची प्रत आणखी एका मोठ्या माणसाला जाते. प्रत्येक कार्यकर्त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. पूर्वी एखादा संघ मोठ्यांशिवाय दिवसभर भटकून येऊ शकत असे. ते आता बंद झाले. यामुळे मुलांच्या स्वातंत्र्याचा थोडा संकोच झाला, हे खरे. पण ज्या मोठ्यांना मुले सांभाळायला दिली, त्यांच्यावरही कुणाची तरी नजर हवी, हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. शिवाय एका खोलीत दोन मोठी माणसे असल्याने ती दोघे बोलू लागण्याचा धोका वाढतो, त्यामुळे हजर राहून गप्प बसायला शिकणे पूर्वीपेक्षा आज अधिक गरजेचे झाले आहे.

सर्वांत नाजूक जागा पालकांची. पालकाचे प्रेम आणि पथकाची पद्धत यांची पहिल्याच शिबिरात गाठ पडते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलेही अशा पथकांत जातात आणि सहलीची पिशवी आईने भरायची सवय असलेल्या घरात, यादी पाहून मुलाने स्वतः भरायची, हे पहिल्यांदा जड जाते. मोजे विसरले तर? विसरले तर पाय ओले राहतात. समंजस पथके नव्या पालकांना वर्षारंभी बसवून हे समजावतात आणि त्यांना कामही देतात, कारण रिकामा बसलेला पालक हमखास मुलाच्या तंबूकडे जातो. ज्याला गाडी चालवता येते त्याने गाडी चालवावी, हिशेब येतो त्याने खजिना पाहावा, डॉक्टर असेल त्याने आरोग्याचे अर्ज तपासावेत. मुलगा अडला की त्याच्याच आई-वडिलांनी पुढे न होता दुसऱ्या मोठ्या माणसाने पाहावे, असा अलिखित संकेतही बऱ्याच पथकांत असतो.

श्रेणीवाढीच्या वेळी हा संकेत नियमच बनतो. मुलाने एखादी श्रेणी पूर्ण केली की तीन ते सहा मोठ्यांचे एक मंडळ त्याच्याशी बोलते. स्काउटमास्टर, त्याचे सहायक आणि मुलाचे नातेवाईक यांना त्या मंडळात बसता येत नाही. मंडळाने पुन्हा परीक्षा घ्यायची नसते. मुलाला पथकात काय मिळाले, काय खटकले हे ऐकायचे असते. यातून समितीलाही पथकाची खरी हालहवाल कळते. सगळ्यांत वरची ईगल ही श्रेणी अठराव्या वाढदिवसाआधी मिळवावी लागते. तिला एकवीस मेरिट बॅज लागतात आणि समाजोपयोगी असे एक मोठे काम मुलाने स्वतः आखून, इतरांना हाताशी धरून पुरे करावे लागते. उद्यानातला लाकडी पूल किंवा वाचनालयाची मांडणी असे काम वडिलांनी सुतारकीच्या हौसेने अर्धे करून टाकण्याचा मोह मोठा असतो. तिथे सहायक स्काउटमास्टरला पालकाला बाजूला घेऊन सांगावे लागते, आणि हे सांगणे मुलांना गाठी शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मोठ्यांमधले मतभेद टळत नाहीत. कुणी लष्करातून आलेला असतो आणि त्याला शिस्तीची घाई असते. कुणाला आपल्या मुलाने पंधराव्या वर्षीच ईगल व्हावे असे वाटते. कुणी ‘मुलांचे राज्य’ म्हणत इतके दूर राहतो की संघनायक भांबावतो आणि सभा गोंधळात संपते. हा शेवटचा प्रकार दिसायला उदार असला तरी तेवढाच हानिकारक. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुले नुसती शोभेला असतात. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र एकटी मुले नाहीत. पुढाकार मुलांचा आणि निर्णयात मोठेही सहभागी, अशी ती पायरी आहे. चांगल्या पथकातले मोठे आपसातले वाद समितीच्या बैठकीत मिटवतात, मुलांसमोर एकमेकांचे म्हणणे खोडत नाहीत आणि स्काउटमास्टरला टाळून ज्येष्ठ संघनायकाला परस्पर सूचना देत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला तीन मोठ्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, तर तो चौथी गोष्ट करतो: काहीच करत नाही.

न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट या संघटनेच्या विस्तीर्ण डोंगराळ तळावर या पद्धतीची कसोटी लागते. तेलाच्या धंद्यातले वेट फिलिप्स यांनी १९३८ पासून दान केलेल्या जमिनीवर तो उभा आहे. सात ते बारा जणांची तुकडी पाठीवर सामान घेऊन कित्येक दिवस डोंगर तुडवते. तुकडीचा नायक मुलगा किंवा मुलगी असते. बरोबरचे मोठे नुसते सल्लागार. सुरुवातीला तळावरचा एक तरुण प्रशिक्षक सोबत येतो, अस्वलांपासून वाचवण्यासाठी अन्नाच्या पिशव्या दोरीने उंच कशा टांगायच्या, पाणी कसे शुद्ध करायचे हे शिकवतो आणि निघून जातो. पुढे नकाशा मुलांच्या हाती. वाटेवर फाटा आला की सल्लागार मागे थांबतो आणि मुलांचे ठरेपर्यंत वाट बघतो.

भारतात चित्र थोडे वेगळे आहे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना मुख्यतः शाळांच्या आधाराने चालते आणि स्काउटमास्टर बहुधा शाळेतलाच शिक्षक असतो. वर्गात शिकवणाऱ्या गुरुजींना शनिवारच्या मैदानावर मागे उभे राहायचे असते आणि मुलांनाही त्यांना विचारल्याशिवाय ठरवायचे असते. दोघांनाही हे सोपे जात नाही. पालकांची समिती, गाड्या, खजिना हा पसारा इथे शाळा उचलते. त्यामुळे मोठ्यांची जुळवाजुळव कमी लागते, पण शिक्षकाची बदली झाली की पथक पोरके होण्याची भीती राहते.

ती भीती अमेरिकेतही वेगळ्या रूपात आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे पालकही बहुधा पथक सोडतात आणि त्यांच्याबरोबर अनुभव निघून जातो. म्हणून शहाणी समिती प्रत्येक कामाला एक मुख्य आणि एक शिकाऊ माणूस ठेवते आणि अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना पहिल्याच वर्षी कामाला लावते. पथकातून बाहेर पडलेली काही मुले अठराव्या वर्षी सहायक स्काउटमास्टर म्हणून परत येतात. कालच्या सोबत्यांना हुकूम न सोडण्याचा धडा त्यांनाही नव्याने गिरवावा लागतो, आणि सुरक्षेसाठी लागणाऱ्या दोन प्रौढांत त्यांची गणना एकविसाव्या वर्षापासून होते.